गरम गाडीचं कौतुक पुरे

जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक चार डोकी जमली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरे क्लासिक गाडी आहे, गरम होणारच!" बोलणाऱ्याच्या सुरात तक्रार नसते, उलट थोडा अभिमानच असतो. पाय भाजणं, पाठ घामाने सीटला चिकटणं, उतरल्यावर दहा मिनिटं झाडाखाली गप्प बसून राहणं ही जणू क्लबची वर्गणी. ज्याला एसी लागतो त्याने ह्या वाटेला जाऊ नये, असा एकूण आविर्भाव.

माझं मत बरोब्बर उलटं आहे. गरम केबिन हा जुन्या गाडीचा स्वभाव नाही, ती गाडीने केलेली तक्रार आहे. कुठेतरी एक भोक उघडं आहे, एखादा कॉक नीट बंद होत नाहीये, एखादा पत्रा पन्नास वर्षांत कुणीतरी काढून फेकला आहे. ती तक्रार ऐकायची सोडून आपण तिचं कौतुक करतो. आणि ह्या कौतुकाची किंमत नुसत्या घामात मोजून भागत नाही, ते पुढे येईलच.

आधी जागेबद्दल. माझा कॉलेजचा एक मित्र आणि मी मिळून एक ब्रिटिश टू-सीटर सांभाळतो. (मेक सांगत नाही, नाहीतर त्या मेकचे भक्त भांडायला येतील.) महिन्यातून एखाद्या रविवारी ठाण्याहून निघायचं, नाशिक हायवेने शहापूर, तिथून आत वळून किन्हवली, सरळगाव, मग मुरबाड आणि कल्याणवरून घरी. जोर असला तर सरळगावहून उलटं वळून माळशेजच्या पायथ्यापर्यंत. पावसाळ्यात ह्या रस्त्यावर सगळी मुंबई लोटते. पण गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. सागाची पानं गळलेली, भाताची शेतं कोरडी ठणठणीत, अधूनमधून वीटभट्ट्यांचा धूर, आणि पारा चाळिशीपार. आतल्या रस्त्यावर खड्डे, गुरं, वळणं, त्यामुळे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे इंजिन राबतंय आणि वारा मात्र लागत नाही. युरोपातल्या सौम्य उन्हाळ्यासाठी बनवलेल्या गाडीला ह्याहून कडक परीक्षक मिळणार नाही.

ह्याच प्रवासात हायवेवर आपल्या शेजारून ट्रक जात असतात. त्यांच्या केबिनकडे एकदा नीट बघून ठेवा, शेवटी तिकडेच यायचं आहे.

उष्णता येते कुठून?

पेट्रोल इंजिनात जाळलेल्या इंधनातली ढोबळमानाने पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते, थोडी रेडिएटरमधून आणि थोडी एक्झॉस्टमधून. म्हणजे चढावर चाकांना १० किलोवॉट मिळत असतील तर ३० किलोवॉट उष्णतेची विल्हेवाट लावावी लागते. दोन किलोवॉटचे पंधरा गिझर आपल्या पायांपासून हातभर अंतरावर चालू आहेत असं समजा. त्यातला फार थोडा भाग जरी आत झिरपला तरी आपलं भरीत होतं. वरून ऊन आहेच. भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १००० वॉट, म्हणजे उघड्या गाडीत मांडीवर एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं.

ही उष्णता तीन वाटांनी येते. शाळेत शिकलेल्याच: वहन, अभिसरण, प्रारण. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काहीशे अंश तापतो आणि समोरच्या पत्र्याला लांबूनच शेकतो, हे प्रारण. तो तापलेला पत्रा थेट कार्पेटला आणि बुटाच्या तळव्याला चटका देतो, हे वहन. आणि बॉनेटखालची गरम हवा मिळेल त्या फटीतून आत येते, हे अभिसरण. आपण बहुतेक वेळा वहनाच्या मागे लागतो, कारण चटका तिथे बसतो. कार्पेटखाली जाड काहीतरी घाला, झालं! पण माझ्या अनुभवात जुन्या गाडीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार तिसरा, म्हणजे फटी.

आम्ही संगणकवाले 'फायरवॉल' हा शब्द दिवसात दहादा वापरतो. गाडीतली फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन ह्यांच्यामधला पत्रा. काम तेच, पलीकडची आग इकडे येऊ द्यायची नाही. आता पन्नास वर्षांच्या गाडीच्या फायरवॉलला किती भोकं असतात बघा. वायरिंगचं एक, स्पीडोमीटरच्या केबलचं एक, चोकचं, अॅक्सिलरेटरचं, हीटरच्या दोन पाइपांची दोन, पेडलांची, स्टिअरिंगच्या दांड्याचं. शिवाय मधल्या मालकाने बसवलेल्या आणि काढून टाकलेल्या कॅसेट प्लेअरचं, हॉर्नचं, फॉगलॅम्पचं. प्रत्येक भोकाला एकेकाळी रबरी ग्रोमेट होतं, आता त्याचा भुगा झालाय. म्हणजे फायरवॉल आहे, पण सगळे पोर्ट उघडे. अशा सर्व्हरचं काय होतं हे वाचकांना सांगायला नको :-)

आता एक प्रश्न मला नेहमी विचारतात. गाडीचं छप्पर उघडं असताना गरम हवा राहील कशी, उडून नाही का जाणार? गंमत इथेच आहे. उघडी गाडी पळायला लागली की काचेवरून जाणाऱ्या वाऱ्यामुळे बसायच्या जागेतला दाब थोडा कमी होतो. ती पोकळी भरायला हवा मागून आणि खालून ओढली जाते. खालून म्हणजे फरशीच्या आणि फायरवॉलच्या त्याच भोकांतून. त्यामुळे डोक्यावर वारा, केस उडताहेत, फोटो झकास, आणि पावलं मात्र तंदुरात.

कुठल्या गाडीत उष्णता कुठून येणार हे तिच्या रचनेवर ठरतं. एमजीबी (१९६२ ते १९८०) घ्या. तिचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या डाव्या बाजूला आहे. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला येतो. म्हणजे मालक म्हणतो "एवढी काही गरम होत नाही", आणि त्याची बायको पुढच्या रविवारी येत नाही! ट्रायम्फ स्पिटफायर हेराल्डच्या चासीवर बेतलेली, आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड ह्या नावाने बनत होती. ह्या कुटुंबात गिअरबॉक्सवरचं झाकण सुटं असतं, बऱ्याच गाड्यांत पुठ्ठ्यासारख्या फायबरबोर्डचं. ते दोनदा काढून बसवलं की कडा वाकतात आणि त्या फटीतून गिअरबॉक्सवरची सगळी गरम हवा गुडघ्यावर येते. १९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली सॅन स्टॉर्म फायबरच्या बॉडीची होती. फायबरमधून उष्णता पत्र्यापेक्षा कमी वाहते खरी, पण भोक ते भोकच. ते पत्र्याला असो नाहीतर फायबरला.

आधी मोजा, मग खर्च करा

प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून कोणी अंदाजाने कोड बदलायला लागला तर आपण त्याला आधी प्रोफाइल करायला सांगतो. इथेही तेच. रात्री बॉनेटमध्ये एक जोरदार टॉर्च ठेवायचा, आत अंधारात बसायचं आणि डॅशबोर्डखाली डोकं घालायचं. जिथे उजेड दिसेल तिथून उष्णता येते. खर्च शून्य. (उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघा, असा सल्ला कुणी देईल. पेट्रोलची जुनी गाडी आहे, उदबत्ती देव्हाऱ्यातच बरी.) दुसरं, साधा मल्टिमीटर आणि त्याची तापमान मोजायची वायर. तासभर गाडी चालवून फरशी, टनेल आणि फायरवॉल ह्यांचे आकडे कागदावर लिहायचे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटरही चालतो, पण चकचकीत धातूवर तो चक्क खोटं बोलतो. तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

मोजल्यावर क्रम असा असावा असं माझं ठाम मत आहे: बुजवा, सावली करा, वाट द्या, आणि सगळ्यात शेवटी थंड करा. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात.

बुजवणं म्हणजे नवे ग्रोमेट, गिअर आणि हँडब्रेकचे नवे रबरी बूट, टनेलच्या झाकणाच्या कडेला फोमची पट्टी. रिकामी भोकं पत्र्याच्या टिकलीने आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बंद करायची. मात्र खाली पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोकं असतात, ती चुकूनही बुजवायची नाहीत. आपल्याकडचा पाऊस एका मोसमात फरशी खाऊन टाकेल.

ह्याच टप्प्यात हीटर येतो. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत हीटरमध्ये इंजिनाचंच ८०-९० अंशांचं पाणी फिरतं आणि ते एका कॉकने बंद होतं. हा कॉक म्हातारा झाला की पूर्ण बंद होत नाही. म्हणजे मे महिन्यात किन्हवलीच्या रस्त्यावर आपण हीटर चालू ठेवून चाललेलो असतो! काहीजण वैतागून हीटरच काढून टाकतात. मला ते पटत नाही, कारण जुलैमध्ये माळशेजच्या धुक्यात काचेवरची वाफ घालवायला तोच लागतो. कॉक बदला, नाहीतर उन्हाळ्यापुरते दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटरला वळसा घाला. पावसाळा आला की पूर्ववत.

सावली करणं म्हणजे हीट शील्ड. मला वाटतं ही कल्पना शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही घराला समजावून सांगावी लागणार नाही. पत्र्याचं घर उन्हात तापतं म्हणून लोक काय करतात? पत्र्यावर पेंढा टाकतात, नाहीतर दारापुढे मांडव घालतात. मांडव भिंतीला चिकटवत नाहीत. ऊन मांडवाने अंगावर घ्यायचं आणि मधून वारा जायचा, ही त्यातली खुबी. हीट शील्ड म्हणजे मॅनिफोल्ड आणि फायरवॉल ह्यांच्यामध्ये घातलेला मांडव. अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा चकचकीत पत्रा, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा. चकचकीत पृष्ठभाग प्रारणाचा बहुतेक भाग परत पाठवतो. काळा रंग दिलेला पत्रा तोच भाग पिऊन घेतो. पण तीच चकचकीत फॉइल पत्र्याला घट्ट चिकटवलीत तर ती निव्वळ धातूचा एक जास्तीचा थर होते. फॉइलचं काम मधल्या हवेमुळे चालतं.

इथे गणित आपल्या बाजूने आहे. प्रारण केवल तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ४०० अंशांवरची वस्तू ३०० वर आणली तर तिने फेकलेली उष्णता जवळजवळ निम्मी होते. म्हणून उगमापाशी केलेलं थोडं काम कार्पेटखाली केलेल्या खूप कामापेक्षा जास्त फळ देतं. मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग हा त्यातलाच उपाय, महाग पण टिकाऊ. पाइपाला ग्लासफायबरची पट्टी गुंडाळतात ती स्वस्त पडते, पण ओल धरून ठेवते. आमच्या कोकणपट्टीत तिच्या आत पाइप कधी सडला ते कळतही नाही.

मग अस्तर. बाजारात फॉइल लावलेल्या डॅम्पिंग शीट मिळतात. त्या पत्र्याचा खडखडाट थांबवायला असतात, उष्णता अडवायचं त्यांचं काम दुय्यम आहे. त्यांच्यावर पाणी न पिणाऱ्या फोमचा थर हवा, आणि एक्झॉस्टच्या अगदी वर फोम अजिबात नको. 'अॅस्बेस्टॉसची दोरी लावून देतो' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. सगळ्या प्रकारचं अॅस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे.

वाट देणं म्हणजे बॉनेटखालची हवा बाहेर जायला मार्ग मोकळा ठेवणं. रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं कडं जागेवर असणं, बॉनेटच्या कडांची रबरं नीट असणं, हवा यायच्या मूळ खिडक्या गंजून बंद झाल्या असतील तर त्या मोकळ्या करणं. आणि हो, 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील' हा आपल्याकडचा लाडका उपाय. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान सांभाळतो. मॅनिफोल्डला त्याचं काही देणंघेणं नाही. तो काढून केबिन थंड होत नाही, गार इंजिन पेट्रोल मात्र जास्त पितं.

एवढं सगळं झाल्यावरच एसीचा विषय काढावा. १९६० च्या दशकातल्या गाड्यांचा डायनॅमो जेमतेम २०-२५ अँपिअर देतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची काही अश्वशक्ती खातो आणि कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसून त्याला गरम हवा पाजतो. भोकं तशीच ठेवून एसी लावणं म्हणजे मेमरी लीक तसाच ठेवून रॅम वाढवणं. चार दिवस बरं वाटतं.

पण गाडीचा अस्सलपणा?

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. अस्सलपणा जपायलाच हवा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. जुन्या गाड्यांच्या फीवा ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेची तुरिनची सनदही हेच सांगते, की बदल करायचाच झाला तर तो परत काढता येईल असा करा. आता ह्या कसोटीवर बघा. फायरवॉल कापून एसी बसवणं नापास. ग्रोमेट, शील्ड, सुटं अस्तर पास. किंबहुना ग्रोमेट मूळ गाडीत होतेच. भोकं उघडी ठेवून फिरणारा मालक जे जपतोय तो गाडीचा अस्सलपणा नाही, मधल्या मालकांचा हलगर्जीपणा आहे.

आणि आता किमतीबद्दल. ज्या भोकातून गरम हवा येते त्याच भोकातून एक्झॉस्टचा वायूही येतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट थोडं फुसफुसत असलं की त्यात कार्बन मोनॉक्साइड आलाच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, गुंगी. म्हणजे मे महिन्यात मुरबाडला पोचल्यावर ज्याला आपण 'ऊन लागलं' म्हणतो तेच. लिंबू सरबत पिऊन आपण परत त्याच सीटवर बसतो. हे कौतुक मला मान्य नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हजार-दोन हजारांच्या आसपास मिळतो. तो आधी घ्या, चामड्याचं स्टिअरिंग कव्हर नंतर.

आता त्या ट्रकांकडे. आपण महिन्यातून एक दिवस, हौसेने, चार तास भाजतो आणि त्याच्या गोष्टी सांगतो. जुन्या ट्रकमध्ये इंजिनाचा उंचवटा केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. एसटीच्या जुन्या लाल गाडीतही तसंच. त्यावर रेक्झिनचं झाकण, फारतर एखादं गोणपाट. शहापूरवरून कसाऱ्याचा घाट चढणारा माणूस तिथे अख्खा दिवस बसतो. त्याच्याबद्दलही आपण इतकी वर्षं तेच म्हणत आलो, ट्रक आहे, गरम होणारच.

डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने ते वाक्य कायद्यापुरतं बदललं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. फार चांगलं झालं. पण हा नियम नव्या ट्रकांचा आहे. त्याआधी बनलेले ट्रक पुढची कित्येक वर्षं ह्याच रस्त्यावर धावणार, आणि त्यांना एसी बसवण्याचा खर्च एक ट्रकवाला मालक करेल असं मला वाटत नाही. मग त्यांच्यासाठी काहीच नाही? आहे की! बुजवा, सावली करा, वाट द्या. इंजिनाच्या झाकणाचं नवं रबर, झाकणाखाली मोकळी जागा ठेवून एक चकचकीत पत्रा, केबिनच्या टपाला अस्तर, हवेची एक खिडकी. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक आणि दिवे बघतात तसं इंजिनाच्या झाकणाचं सीलही बघावं, अशी माझी साधी मागणी आहे. एक टॉर्च आणि दोन मिनिटं लागतात.

आपण हौशी लोकांनी ह्या विषयात वेळ आणि पैसा घालून जे शिकलो ते असं उपयोगी पडू शकतं. पण त्यासाठी आधी भाजण्यात काहीतरी मर्दुमकी आहे हे डोक्यातून काढायला हवं. घाम गाळायला माहुलीचा किल्ला आहेच, अवश्य चढा. गाडीत बसून तो गाळायची गरज नाही. ह्या आठवड्यात एका रात्री बॉनेटमध्ये टॉर्च ठेवून बघा, किती चांदण्या दिसतात ते.